गुरुजी गेले, जागा रिकामी राहिली : एका आंतरजिल्हा बदलीचे प्रकरण

जैतापूरच्या खाडीपासून विजयदुर्गच्या खाडीपर्यंतच्या किनारपट्ट्यात, खाडीकाठी वसलेल्या एका गावात जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे. २०२३ साली त्या शाळेत जे घडले त्याची ही नोंद आहे. गाव, शाळा आणि माणसे यांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण कोणा एकाला दोषी ठरवण्यासाठी हे लिहिलेले नाही. मी केंद्रप्रमुख (परिसरातील काही शाळांवर देखरेख करणारा अधिकारी) म्हणून निवृत्त झालो आहे. शाळा व्यवस्थापन समितीने वरिष्ठांकडे करायचा अर्ज लिहून देण्यासाठी मला बोलावले, म्हणून या प्रकरणातील कागद आणि माणसे दोन्ही मला जवळून पाहता आली.

त्या डिसेंबरमधील सभेत, खाडीवर तर (उतारूंची होडी) चालवणाऱ्या एका पालकांनी जो प्रश्न विचारला त्यापासून सुरुवात करणे योग्य होईल. त्याच्या काही दिवस आधी, नोव्हेंबरच्या अखेरीस, हार्दिक पंड्या गुजरात टायटन्स सोडून मुंबई इंडियन्सकडे गेला होता आणि गावातील तरुणांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. ते पालक म्हणाले, "हार्दिक गेलो तर गुजरातक पैशे गावले. आमचे गुरुजी गेले, आमका काय गावला?" गावणे म्हणजे मिळणे. सभेत कोणी हसले नाही. मला मात्र हा प्रश्न अर्जात कसा उतरवावा हे चार दिवस सुचले नाही, आणि त्या चार दिवसांत खेळाडूंची अदलाबदल आणि नोकरदाराची बदली या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याची गरज मला पहिल्यांदा जाणवली.

गाव, शाळा आणि गुरुजी

शाळेत त्या वर्षी २३ मुले होती : पहिलीत पाच, दुसरीत सात, तिसरीत चार आणि चौथीत सात. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत आणि शाळेत दोन शिक्षक होते. एक बाई जवळच्याच तालुक्यातील आणि दुसरे हे गुरुजी, मूळचे सोलापूर जिल्ह्यातले. त्यांची या शाळेत ११ वर्षे झाली होती. घरी वृद्ध आई, पत्नी आणि दोन मुली. दिवाळी आणि मे महिना सोडला तर त्यांचे घर म्हणजे फोन.

आले तेव्हा त्यांना मुलांचे बोलणे कळत नसे. पहिलीतले मूल "माका", "तुका", "खंय" असे बोलू लागले की ते बाईंकडे पाहत. तीन-चार वर्षांत मुलांच्या बोलीतून पुस्तकाच्या मराठीत मुलांना अलगद नेण्याची त्यांची अशी एक रीत तयार झाली, जी कोणत्याही प्रशिक्षणात शिकवली जात नाही. आधी मुलाने त्याच्या बोलीत सांगायचे, गुरुजींनी ते फळ्यावर जसेच्या तसे लिहायचे, आणि मग त्याखाली पुस्तकातले वाक्य लिहायचे. दोन्ही ओळी दिवसभर फळ्यावर राहत.

दुसरी गोष्ट पाण्याची. शाळेतील सहा मुले पलीकडच्या तीरावरून होडीने येत. आमच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती दुपारी भरते आणि पाच वाजेपर्यंत पाणी इतके ओसरते की पलीकडच्या धक्क्याला होडी लागत नाही, मुलांना गुडघाभर चिखलातून चालत जावे लागते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, ही अडचण नसते. गुरुजी तिथी पाहून उधाणाच्या दिवशी त्या सहा मुलांना साडेतीनलाच सोडत आणि त्यांचा राहिलेला तास दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बोलावून भरून काढत. हे कोणत्याही नोंदवहीत नव्हते.

कार्यमुक्तीचा दिवस

आंतरजिल्हा बदलीसाठी गुरुजींनी रीतसर अर्ज केला होता आणि त्यांचे नाव यादीत आले. आदेश हातात पडला तेव्हा शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. त्या दिवशी मी चार्ज देण्याच्या वेळी हजर होतो. जडवस्तू संग्रह नोंदवही, दाखलखारीज, कपाटाच्या किल्ल्या, शिल्लक लेखनसाहित्य, सगळे एकेक करून बाईंच्या ताब्यात दिले गेले. पोषण आहाराचा तांदूळ काट्यावर घातला तेव्हा नोंदीपेक्षा दीड किलो कमी भरला. पावसाळ्यात गोणी बदलताना सांडलवंड होते हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोललेही नाही, पण गुरुजी आपल्या खोलीवर गेले, स्वतःच्या डब्यातला तांदूळ घेऊन आले आणि काटा नोंदीवर येईपर्यंत ओतत राहिले.

दीड किलो तांदळाचा हिशेब इतक्या काटेकोरपणे पुरा करून घेणारी आपली पद्धत आहे. त्याच दिवशी त्या शाळेतून ११ वर्षांचे ज्ञान आणि दोनांतील एक शिक्षक बाहेर पडला, त्याच्यासाठी मात्र कोणताही रकाना नव्हता. गुरुजींच्या जागी कोण येणार हे आदेशात लिहिलेले नव्हते, कारण तो आदेश फक्त त्यांना सोडण्याचा होता. बाई एकट्या चार वर्ग घेऊन उरल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणत्याही शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पदे रिक्त राहू नयेत अशी जबाबदारी नेमणूक करणाऱ्यावर आहे. दोनशिक्षकी शाळेत एक गेला की रिक्त प्रमाण सरळ पन्नास टक्के होते.

व्यवहारात पक्ष किती

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. हार्दिक पंड्याच्या नेतृत्वाखाली गुजरातने २०२२ मध्ये विजेतेपद मिळवले होते आणि २०२३ मध्ये अंतिम सामना खेळला होता. त्याला सोडताना गुजरातने बदल्यात खेळाडू घेतला नाही, व्यवहार रोखीत झाला. त्याचे १५ कोटींचे मानधन गुजरातच्या हिशेबातून मोकळे झाले, शिवाय हस्तांतरणाची वेगळी रक्कम मिळाली, आणि १९ डिसेंबरला दुबईत झालेल्या लिलावात तो संघ अधिक पैसे हाती घेऊन बसला. कर्णधारपद काही दिवसांतच शुभमन गिलकडे गेले. म्हणजे जाणाऱ्याची जागा कशाने तरी भरून निघाली, मग ते पैसे असोत, लिलावातील संधी असो किंवा नवा कर्णधार.

यापेक्षा सरळ उदाहरण २०२५च्या नोव्हेंबरमधील आहे. संजू सॅमसन राजस्थानहून चेन्नईला गेला आणि त्याच व्यवहारात रवींद्र जडेजा व सॅम करन चेन्नईहून राजस्थानला आले. त्यात जडेजाचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आले. जाणाऱ्याच्या बदल्यात दोन्ही संघांना त्याच वेळी खेळाडू मिळाले. आयपीएलमध्ये अशा व्यवहाराला खेळाडूची संमती लागते, त्यामुळे खेळाडू, सोडणारा संघ आणि घेणारा संघ असे तिघे पक्षकार होतात आणि तिघांपैकी एकाचा नकार आला तरी व्यवहार पुढे सरकत नाही. याच जडेजाने सुरुवातीच्या काळात आपल्या संघाला बाजूला ठेवून दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून २०१० च्या संपूर्ण मोसमासाठी त्याच्यावर बंदी आली होती. सोडणाऱ्या संघाचा हक्क तेथे इतका गंभीरपणे धरला जातो.

आमच्या प्रकरणात पक्षकार दोनच होते : बदली मागणारे गुरुजी आणि बदली देणारे प्रशासन. ज्या शाळेने शिक्षक गमावला ती या व्यवहारात कोणीच नव्हती. तिला विचारले गेले नाही, कळवले गेले तेही गुरुजींच्या तोंडून.

यावर कोणी म्हणेल की शाळा आणि संघ यांची तुलना मुळातच चुकीची आहे. ती एका बाबतीत चुकीची आहेच, पण ती बाब शाळेच्या विरुद्ध जात नाही. खेळपट्टी चिपळूणात काय आणि चेन्नईत काय, २२ यार्डांचीच असते, आणि फलंदाज आपले कसब किटबॅगेबरोबर नेतो. गुरुजींच्या कसबातील मोठा भाग त्यांना नेताच येत नव्हता. उधाणाची तिथी सोलापूर जिल्ह्यात काय कामाची? मुलांची बोली फळ्यावर लिहिण्याची रीत त्यांनी नेली, पण ती बोली इथेच राहिली. त्यामुळे खेळाडूच्या अदलाबदलीत मूल्य एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, तर अशा बदलीत त्यातील बराच वाटा कोणाच्याच हाती लागत नाही. हे नुकसान टाळण्याचा एकच साधा उपाय आहे : जाणारा आणि येणारा यांनी काही दिवस एका वर्गात बरोबर काढणे. तो मला मोठ्या धोरणाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

भाषेची साक्षही येथे नोंदवण्यासारखी आहे. क्रीडा पानावर "बदली खेळाडू" म्हणतात तो दुसऱ्याच्या जागी येणारा. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातली कितीतरी माणसे "बदली कामगार" म्हणून राहिली. सकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि जो कामावर आला नसेल त्याच्या जागी साच्यावर (मागावर) जायचे, कारण साचा थांबता कामा नये. म्हणजे या शब्दात येणारा माणूस गृहीत होता. सरकारी नोकरीत तोच शब्द जाणाऱ्याला चिकटला आणि येणारा त्यातून निसटला.

दहा आणि पाच

संमतीच्या बाबतीत मात्र खेळाडू नेहमीच भाग्यवान होता असे नाही. अमेरिकेतील बेसबॉलपटू कर्ट फ्लड सेंट लुईसच्या संघात १२ मोसम खेळला आणि १९६९च्या ऑक्टोबरमध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला दिले गेले. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे त्याने आयुक्तांना लिहून कळवले, १९७०चा मोसम खेळला नाही आणि न्यायालयात गेला. १९७२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल त्याच्या विरोधात दिला. या हकिगतीत आमच्या प्रकरणाच्या दृष्टीने एक बारीक तपशील आहे. फ्लड गेलाच नाही, तेव्हा व्यवहार अपुरा राहिला, म्हणून सेंट लुईसने त्याच्याऐवजी विली मोंटान्येझ हा दुसरा खेळाडू फिलाडेल्फियाला दिला. माणसाच्या इच्छेला किंमत नसलेल्या त्या काळातही रिकाम्या जागेला किंमत होती.

पुढे १९७३च्या करारात नियम झाला की ज्याची एकूण दहा वर्षे झाली आणि शेवटची पाच एकाच संघात झाली, तो खेळाडू अशी अदलाबदल नाकारू शकतो. ग्रामविकास विभागाच्या ७ एप्रिल २०२१ च्या धोरणात हेच दोन आकडे मला सापडले तेव्हा मी चकित झालो. सर्वसाधारण क्षेत्रात सलग दहा वर्षे आणि विद्यमान शाळेत पाच वर्षे झालेला शिक्षक "बदलीपात्र" ठरतो, म्हणजे त्याला हलवता येते. तेथे दहा आणि पाच वर्षांनी माणसाला राहण्याचा हक्क मिळतो, येथे तेवढ्याच वर्षांनी तो हलवण्याजोगा होतो. दोन्हींमागे कारणे आहेत. एकाच सोयीच्या गावी कोणी आयुष्यभर बसू नये आणि अवघड क्षेत्रातल्यांनाही (म्हणजे दुर्गम, गैरसोयीच्या गावांतल्यांनाही) कधीतरी सोयीचे गाव मिळावे, हा आपल्या धोरणाचा हेतू रास्तच आहे. पण त्या मुक्कामातून शाळेला जे मिळाले त्याचे मोल या आकड्यांत कोठेही धरलेले नाही.

या प्रकरणातील शाळा अवघड क्षेत्रात मोडते. अवघड क्षेत्रात तीन वर्षे झाली की शिक्षक "बदली अधिकारप्राप्त" होतो आणि जिल्ह्यात दुसरी शाळा मागू शकतो. गुरुजींनी तो अधिकार कधी वापरला नाही. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात कोठेही गेले तरी आई तितकीच लांब होती. शिवाय जिल्ह्यांतर्गत बदल्यांत एकाने जागा मागितली की तिथल्या शिक्षकाला उठावे लागते, त्याला शिक्षक मंडळी "खो बसला" म्हणतात, आणि तो उठलेला पुढे आणखी कोणाला उठवतो. हा शब्द खेळातूनच आला आहे आणि तो नेमका आहे, कारण खो-खोमध्ये खो देणारा उठणाऱ्याचीच जागा घेतो, चौकोन रिकामा राहत नाही. आंतरजिल्हा बदलीत गुरुजी उठले, पण त्यांच्या चौकोनात कोणीच येऊन बसले नाही. दोन जिल्ह्यांतील शिक्षकांची आपसी बदली हाच त्यातल्या त्यात खऱ्या अदलाबदलीसारखा मार्ग, परंतु सोलापूर जिल्ह्यातून या खाडीकाठी येऊ इच्छिणारा जोडीदार गुरुजींना सहा वर्षे शोधूनही मिळाला नव्हता.

आपल्याकडील न्यायालयांनी बदली ही नोकरीची ओघाने येणारी अट मानली आहे. १९९३च्या एस. एल. अब्बास प्रकरणात शिलाँगहून पौडीला बदली झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याची पत्नी शिलाँगलाच नोकरीत होती, तरी पती-पत्नी एकत्रीकरणाच्या मार्गदर्शक सूचनांमुळे न्यायालयातून बजावून घेता येईल असा हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्यामुळे फ्लडच्या आणि आपल्या कर्मचाऱ्याच्या स्थितीत वाटते तितके अंतर नाही. अंतर आहे ते मोबदल्यात. गुरुजींची बदली विनंतीवरून होती, म्हणून त्यांना प्रवास भत्ता नाही, आणि नव्या जिल्ह्यात त्यांची सेवाज्येष्ठता तळाशी लागली. आईजवळ जाण्यासाठी त्यांनी ११ वर्षांची वाट आणि ज्येष्ठता दोन्ही मोजली.

म्हणूनच गावात काही जण "घाटावरचा तो, जायचाच होता" असे बोलू लागले तेव्हा मला ते सहन झाले नाही आणि सभेत मी तसे स्पष्ट सांगितले. पुढच्याच वर्षी अहमदाबादेत आणि वानखेडेवरही प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो केली. संघाचे, व्यवस्थेचे निर्णय एका माणसाच्या अंगावर ढकलण्याची ही सवय मैदानात असो की वाडीत, अन्यायाचीच आहे. गुरुजी गेले यात काही चूक नव्हती.

जूननंतर

जुलैमध्ये शेजारच्या शाळेतील एका शिक्षकांना आठवड्यातून तीन दिवस कामगिरीवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर, पाठवण्यात आले. त्यांनी मनापासून काम केले, पण त्यांना पाण्याची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. श्रावणातल्या पौर्णिमेला त्यांनी नियमाप्रमाणे पाचला शाळा सोडली. पलीकडच्या मुलांना होडीतून चिखलात उतरावे लागले आणि दुसरीतल्या एका मुलीचे दप्तर चिखलात रुतले. तिच्या आजोबांनी ते काढले, पुस्तके उन्हाअभावी चुलीजवळ वाळवली, आणि त्या पुस्तकांची पाने फुगलेली मी नंतर पाहिली. ती मुलगी पुढचे तीन दिवस शाळेत आली नाही.

राज्य शासनाने त्याच जुलैमध्ये निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर तात्पुरते नेमण्याचा निर्णय घेतला. पलीकडच्या गावातील एका निवृत्त गुरुजींनी तयारी दाखवली, परंतु गुडघ्यांमुळे होडीत चढउतार त्यांना झेपेना आणि दिवाळीनंतर त्यांनी येणे थांबवले. बाईंनी त्या संपूर्ण वर्षात एकही किरकोळ रजा घेतली नाही. हे त्यांच्या रजेच्या खात्यावर दिसते, पण कोणत्याही अहवालात आलेले नाही.

समितीच्या ठरावात मी शेवटी पैशांचा किंवा खेळाडूचा उल्लेख केला नाही. फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या हस्तांतरणाची मुदत ठरलेली असते आणि मुदत संपली की संघ आहे तसा खेळतो, एवढे सभेत समजावून सांगितले आणि ठरावात तीनच गोष्टी मागितल्या. कार्यमुक्ती मे महिन्यातच व्हावी, शाळा सुरू झाल्यावर नाही. येणारा शिक्षक ठरला नसेल तर तात्पुरती व्यवस्था कोण पाहणार त्या व्यक्तीचे नाव कार्यमुक्तीच्या आदेशातच असावे. आणि जाणारा व येणारा यांना निदान पाच दिवस शाळेत बरोबर ठेवावे.

एका पालकांनी आणखी एक कलम सुचवले होते की बदली शिक्षक हजर झाल्याशिवाय जुन्या शिक्षकाला सोडूच नये. त्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि मी त्याला विरोध केला. अवघड क्षेत्रात येण्यास कोणी तयार नसेल तर त्या कलमाने गुरुजींसारखा माणूस इथे कायमचा अडकेल, आणि एकदा ते कळले की पुढे घाटावरून कोणी या शाळेचे नाव पसंतीक्रमात लिहिणार नाही. बाईंनी माझी बाजू घेतली, म्हणून ते कलम वगळले गेले. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो, जरी त्या दिवशी काही पालक नाराज होऊन गेले.

ठरावाला पोच मिळाली आणि "धोरणात्मक बाब असल्याने वरिष्ठ कार्यालयाकडे सादर" असे एक ओळीचे उत्तर आले. मार्च २०२४ मध्ये पवित्र पोर्टलमार्फत (राज्याच्या ऑनलाइन शिक्षक भरती प्रणालीतून) निवड झालेल्या एक तरुण बाई नंदुरबार जिल्ह्यातून या शाळेवर रुजू झाल्या. त्यांना मी गुरुजींचा फोन लावून दिला. पाऊण तास बोलणे चालले. गुरुजी तिकडून सांगत होते आणि नव्या बाई हजेरीपटाच्या पाठच्या कोऱ्या पानावर लिहून घेत होत्या : अमावास्या, पौर्णिमा आणि त्यांच्या मागचे-पुढचे दोन-दोन दिवस, पलीकडची मुले साडेतीनला. त्याखाली सहा मुलांची नावे होती. त्यांपैकी दोन त्या वर्षी चौथी पास होऊन जाणार होती, म्हणून गुरुजींनी ती नावे पेन्सिलने लिहायला सांगितली.